ड्यूक स्लेटर

फ्रेडरिक वेमन स्लेटर ऊर्फ ड्यूक स्लेटर (९ डिसेंबर १८९८ – १४ ऑगस्ट १९६६) हे अमेरिकन फुटबॉल या खेळातील आफ्रिकी-अमेरिकी खेळाडू, वकील आणि न्यायाधीश होते. नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक संघटनेच्या इतिहासातील पहिले कृष्णवर्णीय 'लाइनमन', म्हणजे आघाडीच्या फळीतील खेळाडू, म्हणून त्यांची नोंद केली जाते. आयोवा राज्यातील क्लिंटन येथील शाळा, आयोवा विद्यापीठ आणि त्यानंतर रॉक आयलंड व शिकागो येथील व्यावसायिक संघ असा त्यांचा क्रीडाप्रवास झाला. खेळत असतानाच त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. पुढे शिकागो शहरात न्यायाधीश म्हणून ते निवडून आले आणि मृत्यूपर्यंत न्यायदानाच्या कामात राहिले.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९५१ साली समाविष्ट झालेल्या पहिल्या तुकडीत ते एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू होते. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र त्यांचा समावेश २०२० साली, म्हणजे मृत्यूनंतर ५४ वर्षांनी झाला.

खेळाचे स्वरूप आणि लाइनमनचे स्थान

अमेरिकन फुटबॉल हा भारतात परिचित असलेल्या फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू लांबट असून तो मुख्यतः हातात धरून पळवला किंवा फेकला जातो. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. तसे न झाल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे नेला की 'टचडाउन' होते आणि त्याचे सहा गुण मिळतात.

प्रत्येक डावाच्या आरंभी दोन्ही संघांच्या आघाडीच्या फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. या फळीत मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, गार्डांच्या बाहेर टॅकल आणि दोन्ही टोकांना एंड अशी रचना असते. स्लेटर हे टॅकल या जागी खेळत. आक्रमणात समोरच्या खेळाडूंना अंगबळाने बाजूला सारून चेंडू घेऊन धावणाऱ्या सहकाऱ्याला वाट करून देणे आणि बचावात तीच वाट बंद करणे हे टॅकलचे काम होय. त्याच्या हाती चेंडू क्वचितच येतो. गुणपत्रिकेत नाव लागते ते धावणाऱ्याचे. वाट मोकळी करून देणाऱ्याच्या कामगिरीचा आकडा तिथे नसतो. यामुळे लाइनमनची थोरवी मुख्यतः सहकारी, प्रतिस्पर्धी आणि जाणकार प्रेक्षक यांच्या साक्षीवरच ठरत असे.

स्लेटर यांच्या काळात आक्रमण आणि बचाव यांसाठी वेगवेगळे खेळाडू नसत. तेच ११ जण दोन्ही कामे करीत आणि चांगला टॅकल अनेकदा संपूर्ण ६० मिनिटे मैदानात असे. संरक्षक साधने अगदी जुजबी होती. डोक्यावरील हेल्मेट चामड्याचे असे आणि ते घालण्याची सक्तीही नव्हती. महाविद्यालयीन खेळात हेल्मेट सक्तीचे झाले ते १९३९ साली, तर एनएफएलमध्ये १९४३ साली.

जन्म आणि बालपण

स्लेटर यांचा जन्म इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी झाला. त्यांचे वडील जॉर्ज स्लेटर हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. ते समाजवादी विचारांचे होते. कृष्णवर्णीयांच्या मुक्तीचा प्रश्न आणि कामगारांचा प्रश्न यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणारे लेखन त्यांनी शिकागोतील समाजवादी वृत्तपत्रातून केले होते. घरात पुस्तकांचे आणि शिक्षणाचे महत्त्व मोठे होते. पैशाची मात्र चणचण असे.

फ्रेडरिक यांचे बालपण शिकागो शहराच्या दक्षिण भागात गेले. मोकळ्या जागांवर मुले खेळत असलेल्या फुटबॉलची गोडी त्यांना तिथेच लागली. 'ड्यूक' हे त्यांचे टोपणनाव घरातल्या पाळीव कुत्र्याच्या नावावरून पडले. पुढे ते इतके रूढ झाले की मूळ नाव मागे पडून ड्यूक स्लेटर म्हणूनच ते ओळखले जाऊ लागले. साधारण १९१२च्या सुमारास वडिलांची नेमणूक आयोवा राज्यातील क्लिंटन येथील चर्चमध्ये झाली आणि कुटुंब तेथे स्थायिक झाले. क्लिंटन हे मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावरील शहर आहे.

क्लिंटन येथील शालेय जीवन

क्लिंटनच्या हायस्कूलमध्ये स्लेटर यांनी फुटबॉल संघात प्रवेश केला तो वडिलांच्या इच्छेविरुद्ध. विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ अत्यंत धोकादायक समजला जाई. मैदानावरील दुखापतींनी मुले मृत्युमुखी पडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून येत असत आणि खेळावर बंदी घालण्याची मागणीही होत असे. त्यामुळे जॉर्ज स्लेटर यांनी मुलाला खेळण्यास मनाई केली. मुलाने घरात अन्न वर्ज्य केले. काही दिवसांनी वडिलांचा विरोध मावळला. परंतु स्वतःला दुखापत होऊ न देण्याची अट त्यांनी घातली. या अटीमुळे पुढे खेळताना मार लागला तरी तो घरी कळू न देण्याची सवय मुलाला लागली.

दुसरी अडचण साहित्याची होती. संघातील गणवेश शाळेकडून मिळत असला तरी बूट आणि हेल्मेट प्रत्येकाला स्वखर्चाने आणावे लागत. धर्मोपदेशकाच्या मिळकतीत या दोहोंपैकी एकच वस्तू घेणे शक्य होते. स्लेटर यांचे पाय असामान्य मोठे होते. त्या मापाचे बूट गावात मिळत नसल्याने ते बाहेरून मागवावे लागत. त्यांनी बुटांची निवड केली आणि हेल्मेटविना खेळण्यास सुरुवात केली. शाळेत आणि पुढे विद्यापीठातील बहुतेक काळ ते उघड्या डोक्यानेच खेळले. गरिबीतून आलेली ही सवय कालांतराने त्यांची ओळख बनली.

शिक्षणावरून मन उडाल्याने शाळा सोडण्याचा विचारही त्यांनी एकदा केला होता, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात सांगितले जाते. तेव्हा वडिलांनी त्यांना हिवाळ्यात गोठलेल्या मिसिसिपीतील बर्फ कापण्याच्या कामावर पाठवले. कडाक्याच्या थंडीतील त्या मजुरीच्या अनुभवानंतर ते पुन्हा वर्गात परतले. शाळेच्या अखेरच्या काळात त्यांची गणना राज्यातील उत्तम खेळाडूंत होऊ लागली होती.

आयोवा विद्यापीठ

स्लेटर यांनी आयोवा सिटी येथील आयोवा विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९१८ साली ते विद्यापीठाच्या मुख्य संघात दाखल झाले. एरवी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. पहिल्या महायुद्धामुळे खेळाडूंची कमतरता असल्याने तो नियम त्या वर्षी शिथिल करण्यात आला होता. त्यामुळे स्लेटर यांना सलग चार हंगाम खेळण्याची दुर्मीळ संधी मिळाली. सुमारे सहा फूट एक इंच उंची आणि २१५ पौंडांच्या आसपास वजन असलेले स्लेटर त्या काळाच्या मानाने धिप्पाड होतेच. पण त्यांच्या शरीराला चपळाईचीही जोड होती. फुटबॉलखेरीज ते विद्यापीठाच्या ॲथलेटिक्स संघातून थाळीफेक व हातोडाफेक या प्रकारांतही भाग घेत.

विद्यापीठातील त्यांच्या लौकिकाला दुसरी बाजूही होती. आयोवा विद्यापीठ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वर्गात आणि मैदानात प्रवेश देत असले तरी वसतिगृहात देत नसे. ही बंदी पुढे १९४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. शहरातही त्यांना भाड्याने खोली मिळणे सोपे नव्हते. कृष्णवर्णीय विद्यार्थी आपापसांत सोय करून राहत. स्लेटर हे 'कॅपा अल्फा साय' या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बंधुसंघाच्या घरात राहिले. हजारो प्रेक्षक ज्याच्या नावाचा जयघोष करीत, त्या खेळाडूला विद्यापीठाच्या छताखाली झोपण्याची परवानगी नव्हती.

१९२१ चा हंगाम

विद्यापीठातील स्लेटर यांचे अखेरचे वर्ष हे आयोवाच्या क्रीडा-इतिहासातील संस्मरणीय वर्ष ठरले. हॉवर्ड जोन्स हे संघाचे प्रशिक्षक होते. क्वार्टरबॅक ऑब्री डिव्हाइन, फुलबॅक गॉर्डन लॉक आणि एंड लेस बेल्डिंग हे स्लेटर यांचे प्रमुख सहकारी होते.

८ ऑक्टोबर १९२१ रोजी आयोवा सिटी येथे आयोवाचा सामना नोटर डेम विद्यापीठाशी झाला. कन्यूट रॉकनी यांच्या मार्गदर्शनाखालील नोटर डेमचा संघ लागोपाठ २० सामने जिंकून आला होता. सामन्याच्या पहिल्या भागातच आयोवाने बढत घेतली. स्लेटर यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने लॉक यांनी टचडाउन केले आणि डिव्हाइन यांनी लाथेने तीन गुण मिळवले. त्यानंतर नोटर डेमला एकच टचडाउन करता आले. आयोवाने सामना १०-७ असा जिंकला आणि नोटर डेमची विजयमालिका खंडित झाली.

या सामन्यात टिपलेले एक छायाचित्र पुढे विशेष प्रसिद्ध झाले. त्यात हेल्मेट न घातलेले स्लेटर वाकून एकटेच नोटर डेमच्या अनेक खेळाडूंना थोपवून धरताना दिसतात आणि त्यांच्या मागून लॉक चेंडू घेऊन पुढे येत आहेत. लाइनमनच्या कामाचे इतके स्पष्ट दर्शन घडवणारी छायाचित्रे त्या काळात विरळाच होती.

त्या हंगामातील सातही सामने जिंकून आयोवाने 'बिग टेन' या विद्यापीठसमूहाचे विजेतेपद पटकावले. स्लेटर यांची निवड त्या वर्षीच्या अखिल अमेरिकन संघांत झाली. तत्पूर्वी १९१९ सालीही त्यांना अशा संघांत दुय्यम क्रमांकावर स्थान मिळाले होते.

याच सुमारास आयोवा राज्यातच घडलेली एक घटना कृष्णवर्णीय लाइनमनपुढील धोक्याची कल्पना देते. आयोवा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाचे टॅकल जॅक ट्राइस हे ऑक्टोबर १९२३ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात जबर जखमी झाले आणि दोन दिवसांनी मरण पावले. प्रतिपक्षाने त्यांना हेतुपुरस्सर लक्ष्य केले होते काय, याविषयी अद्याप मतभेद आहेत. अशा काळात स्लेटर यांनी चार हंगाम उघड्या डोक्याने फळीत उभे राहून पूर्ण केले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

व्यावसायिक कारकीर्द

रॉक आयलंड

व्यावसायिक फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९२० साली स्थापन झाली आणि १९२२ साली तिने नॅशनल फुटबॉल लीग हे नाव धारण केले. तिचे आजचे वैभव तेव्हा स्वप्नातही नव्हते. बरेचसे संघ मध्य-पश्चिमेतील लहान औद्योगिक शहरांचे होते, प्रेक्षक मर्यादित होते आणि मानधन बेताचे होते. संघटनेत कृष्णवर्णीयांना लेखी मज्जाव नव्हता. ॲक्रन संघाचे फ्रिट्झ पोलार्ड आणि रॉक आयलंड संघाचे बॉबी मार्शल हे १९२० सालीच खेळले होते, तर पुढे गायक व अभिनेते म्हणून जगप्रसिद्ध झालेले पॉल रोबसन १९२१ पासून खेळत होते. पोलार्ड हे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू होते. मार्शल व रोबसन हे मुख्यतः फळीच्या टोकाला, एंड म्हणून ओळखले जात. फळीच्या आतल्या जागी नियमितपणे खेळणारे पहिले कृष्णवर्णीय स्लेटर हेच होत.

१९२२ साली स्लेटर रॉक आयलंड इंडिपेंडंट्स या संघात दाखल झाले. रॉक आयलंड हे इलिनॉय राज्यातील शहर मिसिसिपीच्याच काठी, क्लिंटनच्या दक्षिणेस आहे. जिमी कॉन्झलमन हे त्या वेळी संघाचे खेळाडू-प्रशिक्षक होते. त्या वर्षी आपल्या संघाचा हंगाम संपल्यावर स्लेटर मिलवॉकी बॅजर्स या संघाकडूनही काही काळ खेळले. त्यानंतरची वर्षे ते रॉक आयलंडचे आधारस्तंभ राहिले. प्रसिद्ध आदिवासी अमेरिकी क्रीडापटू जिम थॉर्प हेही १९२४ व १९२५ मध्ये या संघात त्यांचे सहकारी होते.

कॅन्सस सिटीचा सामना

१९२४ साली रॉक आयलंडचा संघ मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे सामना खेळण्यास गेला. तेथे गोऱ्या खेळाडूंसोबत कृष्णवर्णीयाला मैदानात उतरू न देण्याचा अलिखित संकेत पाळला जाई. त्यानुसार स्लेटर यांना सामन्याबाहेर ठेवण्यात आले आणि संघाला पराभव पत्करावा लागला. हेच दोन संघ पुढे रॉक आयलंड येथे भेटले, तेव्हा स्लेटर मैदानात होते आणि रॉक आयलंडने विजय मिळवला. दुखापतीच्या कारणाने एकही सामना न चुकवणाऱ्या या खेळाडूला केवळ कातडीच्या रंगामुळे बाहेर बसावे लागले होते. संघाने हा संकेत निमूटपणे मान्य केला, हेही या घटनेतून दिसते. नियमपुस्तिकेत नसलेली बंदी प्रत्यक्षात कशी चालवली जाई, याचे हे उदाहरण आहे.

शिकागो कार्डिनल्स

१९२६ साली रॉक आयलंडचा संघ एनएफएल सोडून नव्याने निघालेल्या प्रतिस्पर्धी संघटनेत गेला. परंतु ती संघटना एका हंगामातच बंद पडली. त्याच वर्षी स्लेटर शिकागो कार्डिनल्स या एनएफएलमधील संघात आले आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच खेळले.

१९२७ साली एनएफएलने आपल्या संघांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. अनेक लहान शहरांचे संघ गेले आणि त्यांबरोबर कृष्णवर्णीय खेळाडूही बाहेर पडले. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये स्लेटर हे एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू उरले. १९२८ साली आयोवाचेच हॅरल्ड ब्रॅडली हे कार्डिनल्सकडून दोन सामने खेळले. त्यानंतर १९२९ मध्ये स्लेटर पुन्हा एकटेच होते.

२८ नोव्हेंबर १९२९ रोजी, थँक्सगिव्हिंग या सणाच्या दिवशी, कार्डिनल्सने शिकागो बेअर्स या स्थानिक प्रतिस्पर्ध्यांना ४०-६ असे हरवले. संघाचे सर्व ४० गुण, म्हणजे सहा टचडाउन आणि चार अतिरिक्त गुण, फुलबॅक अर्नी नेव्हर्स यांनी एकट्याने केले. एका खेळाडूने एका सामन्यात केलेल्या गुणांचा हा विक्रम आजही अबाधित आहे. त्या सामन्यात स्लेटर पूर्ण ६० मिनिटे फळीत खेळले आणि नेव्हर्स यांना वाट करून देणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा होता. विक्रमाच्या नोंदीत नेव्हर्स यांचे एकट्याचे नाव आहे.

स्लेटर यांची व्यावसायिक कारकीर्द दहा हंगामांची झाली. १९३४ पूर्वीच्या काळात कोणत्याही कृष्णवर्णीय खेळाडूला एनएफएलमध्ये इतका दीर्घ काळ टिकता आले नव्हते. समकालीन क्रीडालेखकांनी व प्रशिक्षकांनी निवडलेल्या सर्वोत्तम संघांत त्यांना अनेकदा स्थान मिळाले. मैदानावर त्यांनी संयम कधी सोडला नाही, अशी त्यांची ख्याती होती.

वर्णबंदीचा काळ

स्लेटर निवृत्त झाल्यानंतर जो लिलार्ड आणि रे केम्प हे कृष्णवर्णीय खेळाडू १९३३ पर्यंत एनएफएलमध्ये होते. त्यानंतर १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत एकाही कृष्णवर्णीयाला कोणत्याही संघाने घेतले नाही. या बंदीचा लेखी ठराव उपलब्ध नाही. संघमालकांनी आपसांत ती पाळली आणि त्यात जॉर्ज प्रेस्टन मार्शल या मालकाचा पुढाकार होता, असे अनेक इतिहासकार मानतात. आर्थिक मंदीत गोरे तरुण बेकार असताना कृष्णवर्णीयांना जागा कशाला, हा विचारही त्यामागे असावा असे म्हटले जाते.

या काळात स्लेटर यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना मैदान मिळवून देण्याचा प्रयत्न केला. मंदीच्या वर्षांत काही काळ त्यांनी ओक्लाहोमा सिटी येथील डग्लस हायस्कूल या कृष्णवर्णीयांच्या शाळेत प्रशिक्षणाचे काम केले. शिकागोत कृष्णवर्णीय खेळाडूंचे स्वतंत्र व्यावसायिक व निमव्यावसायिक संघ उभे राहिले, त्यांपैकी शिकागो ब्राउन बॉम्बर्ससह काही संघांचे प्रशिक्षण त्यांनी केले. १९३८ साली शिकागोतील सोल्जर फील्ड येथे कृष्णवर्णीय खेळाडूंचा निवडक संघ शिकागो बेअर्सविरुद्ध उतरला, तेव्हा रे केम्प यांच्यासह स्लेटर यांनी त्याला मार्गदर्शन केले. नियमित स्पर्धेचा सराव नसलेल्या त्या संघाचा मोठा पराभव झाला.

१९४६ साली लॉस एंजेलिस रॅम्सने केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांना घेतले आणि एनएफएलमधील बंदी संपुष्टात आली. परंतु मधल्या बारा वर्षांच्या खंडामुळे त्याआधीच्या पिढीची कामगिरी लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली. कृष्णवर्णीयांचा एनएफएलमधील प्रवेश १९४६ सालीच झाला, असा समज दीर्घकाळ रूढ होता. स्लेटर यांच्या नावाच्या विस्मरणाचे हे एक प्रमुख कारण होय.

कायद्याचे शिक्षण आणि न्यायदान

व्यावसायिक फुटबॉलच्या मिळकतीचा उपयोग स्लेटर यांनी शिक्षणासाठी केला. शरद ऋतूत ते सामने खेळत आणि हंगाम संपला की आयोवा सिटीला परतून कायद्याचा अभ्यास करीत. अशा रीतीने काही वर्षे शिकून १९२८ साली त्यांनी आयोवा विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली. त्यानंतरही तीन हंगाम ते कार्डिनल्सकडून खेळत राहिले. दरम्यान १९२६ साली एटा सर्सी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. या दांपत्याला अपत्य नव्हते.

शिकागोच्या दक्षिण भागात त्यांनी वकिली केली. दक्षिणेकडील राज्यांतून स्थलांतर करून आलेल्या कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती तेथे होती. खेळाडू म्हणून मिळालेल्या ओळखीने लोक त्यांच्याकडे येत आणि वकील म्हणून त्यांनी हा विश्वास टिकवला. सार्वजनिक जीवनातही ते हळूहळू पुढे आले.

१९४८ साली ते शिकागोच्या म्युनिसिपल कोर्टावर न्यायाधीश म्हणून निवडून आले. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. सर्व वर्णांच्या मतदारांनी मत देऊन निवडलेल्या शहरातील अगदी मोजक्या कृष्णवर्णीय न्यायाधीशांत त्यांची गणना होते. १९६० साली ते शिकागोच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश झाले. त्या न्यायालयात हे पद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते. १९६४ साली इलिनॉय राज्यातील न्यायव्यवस्थेची पुनर्रचना होऊन ही न्यायालये कुक काउंटीच्या सर्किट कोर्टात विलीन झाली. तेथेही ते अखेरपर्यंत कार्यरत होते.

आयोवा विद्यापीठाशी त्यांचे नाते आयुष्यभर टिकले. ते तेथील सामन्यांना आवर्जून जात आणि शिकागोतील गुणी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आयोवाकडे वळवीत. ज्या विद्यापीठाने आपल्याला वसतिगृहात जागा दिली नव्हती, त्याच्याशी वैर न धरता नंतर येणाऱ्यांचा मार्ग सुकर करण्याची भूमिका त्यांनी घेतली.

मृत्यू

पत्नी एटा यांचे १९६२ साली निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १४ ऑगस्ट १९६६ रोजी, पोटाच्या कर्करोगाने स्लेटर यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ६७ वर्षांचे होते.

सन्मान आणि स्मारके

हयातीत स्लेटर यांना मिळालेला सर्वांत मोठा क्रीडासन्मान म्हणजे १९५१ साली महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये झालेला समावेश. त्या पहिल्या तुकडीत जिम थॉर्प यांचाही समावेश होता.

१९७२ साली आयोवा विद्यापीठाच्या स्टेडियमला नाइल किनिक यांचे नाव देण्यात आले. किनिक हे १९३९ सालचे हाइसमन पारितोषिक विजेते होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मृत्यू झाला होता. स्टेडियमला किनिक व स्लेटर या दोघांची नावे द्यावीत, असा प्रस्ताव त्या वेळी पुढे आला होता. तो स्वीकारला गेला नाही. त्याऐवजी विद्यापीठातील एका वसतिगृहाला 'स्लेटर हॉल' हे नाव देण्यात आले. विद्यार्थिदशेत ज्यांना वसतिगृहाची दारे बंद होती, त्यांच्या नावाने आज सर्व वर्णांचे विद्यार्थी राहतात.

व्यावसायिक फुटबॉलच्या कँटन येथील हॉल ऑफ फेमसाठी १९७० व १९७१ साली त्यांचे नाव अंतिम यादीत आले, परंतु निवड झाली नाही. त्यानंतर कित्येक दशके त्यांच्या नावाचा विचार मागे पडला. धावलेले यार्ड, केलेले गुण अशा आकड्यांत लाइनमनची कामगिरी मांडता येत नाही आणि त्यांना प्रत्यक्ष खेळताना पाहिलेली पिढीही काळाआड गेली होती. नील रोझेंडाल यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि जुनी वृत्ते, सामन्यांचे अहवाल व नोंदी यांच्या आधारे त्यांच्या कार्याचा परिचय नव्या वाचकांना झाला. लीगच्या शताब्दीनिमित्त २०२० साली निवडलेल्या विशेष तुकडीत अखेर त्यांचा समावेश करण्यात आला. कोविडच्या साथीमुळे सन्मानाचा विधी २०२१ साली पार पडला.

२०१९ साली किनिक स्टेडियममध्ये १९२१ च्या नोटर डेम सामन्यातील त्या प्रसिद्ध छायाचित्रावर आधारित उठावशिल्प बसवण्यात आले. २०२१ साली या स्टेडियमच्या मैदानाला 'ड्यूक स्लेटर फील्ड' हे नाव देण्यात आले. १९७२ साली नाकारला गेलेला प्रस्ताव अशा रीतीने ४९ वर्षांनी वेगळ्या स्वरूपात अमलात आला.